सासूबाईंसोबत नाशिकची वाइनरी: टेस्टिंग रूममध्ये नेमकं असतं काय?

शिळोप्याची

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या शेवटी ठाण्याहून नाशिकला जायचं घाटतंय. मी, नवरा, नणंद आणि सासूबाई. त्र्यंबकेश्वर, काळाराम, पंचवटी हे ठरलेलंच, पण नणंदेने मध्येच वाइनरीचं पिल्लू सोडलं. मला वाटलं सासूबाई उडवूनच लावतील, तर त्या म्हणाल्या, "मला बघायचंय ते द्राक्षाचं करतात कसं, पिणारबिणार नाही मी." झालं, आता कोणीच माघार घेत नाहीये.

नवरा बिअरवाला आहे. नणंद सगळं फोनमधून बघते. मी एका लग्नाच्या पार्टीत रेड वाइन घेतली होती, ती इतकी तुरट लागली की परत वाटेला गेले नाही. तर टेस्टिंग रूम म्हणजे नेमकं काय प्रकरण असतं? चार घोट पाजून बाटली गळ्यात मारतात की खरंच काही कळतं? आणि न पिणाऱ्या माणसाचा दीड-दोन तास वेळ जाईल असं तिथे काही आहे का? फोटो कुठे चांगले येतात ते सांगू नका, ते नणंदेला पाठ आहे.

चकली

सासूबाई रॉक्स. पॉपकॉर्न घेऊन बसतोय. सॉरी, चीज क्यूब.

पंचवटी_पासवाला

नाशिककर हजर.

पहिलं म्हणजे शनिवार-रविवार टाळा. २६ जानेवारीला जोडून तर येऊच नका, एक तर त्या दिवशी ड्राय डे आणि आदल्या-पुढच्या दिवशी निम्मी मुंबई गंगापूर रोडला लागलेली असते. मधल्या वारी सकाळच्या टूरला जा, गाईड पोरगं निवांत असतं, चार प्रश्न जास्तीचे विचारता येतात.

गंगापूर धरणाच्या अंगाला सुला, तिच्याजवळच यॉर्क (२०२१ पासून तीही सुलाकडेच), आणि सोमा. या तिन्ही वाइनरी शहराला लागून. दिंडोरीकडे शँडॉन, तिथे मुख्यतः स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची वाइन. इगतपुरीच्या बाजूला सांजेगावकडे ग्रोव्हर झाम्पा आणि व्हॅलोने. व्हॅलोने छोटी आहे, मुकणे धरणाचं पाणी समोर दिसतं, मुंबईहून येताना वाटेवर पडते, ज्यांना गर्दी नको त्यांनी तिकडे जावं. पण लहान ठिकाणी आधी फोन करून जा.

सुलाची टेस्टिंग रूम २००५ ची, देशातली पहिली. तेव्हा त्या बाजूला संध्याकाळनंतर रिक्षावाला यायला कुरकुरायचा. आता तिथे ट्रॅफिक जाम होतो. प्रगती म्हणतात ती हीच असावी.

तिरकस_पुणेकर

टेस्टिंग रूम म्हणजे दुकान, एवढं साधं आहे. येवल्यात पैठणीच्या दुकानात गादीवर बसवून चहा पाजतात आणि मग एकेक घडी उलगडतात ना, तसंच. चहाचे पैसे इथे आधी घेतात एवढाच फरक. मी एका ठिकाणी (नाव नको) गेलो होतो, गाईडने टाक्यांसमोर तीन मिनिटं उभं केलं, सगळं पाठ केलेलं घडाघडा म्हणून दाखवलं आणि थेट काउंटर. पाच वाइन दहा मिनिटांत. एक संपायच्या आत दुसरी ओतली, ग्लास तोच. शेवटी "सर, आज तीनवर एक ऑफर आहे". नमस्कार.

बागायतदार_मोहाडी

ताई, वेळेवर येताय. वाइनच्या द्राक्षाची तोडणी आमच्याकडे जानेवारी ते मार्च. एप्रिलला खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी), मग सप्टेंबर-ऑक्टोबरला गोड छाटणी (फळासाठी), आणि तिथून चारेक महिन्यांनी माल उतरतो. युरोपात वेल थंडीत झोपतो, आपल्याकडचा झोपतच नाही म्हणून वर्षात दोनदा छाटायचा. फळ हिवाळ्यात आणायचं कारण सरळ आहे, पावसाळ्यात पिकवायला गेलात तर डाऊनी आणि भुरी हे बुरशीचे रोग घड शिल्लक ठेवणार नाहीत.

सासूबाईंना आधी बागेत न्या, काउंटरला नंतर. खायच्या द्राक्षाचा मांडव आणि वाइनच्या द्राक्षाची उभी रांग यातला फरक त्यांना लांबूनच दिसेल. मग गाईडला सांगून शिराझचा (वाइनचं काळं द्राक्ष) एक मणी तोडून घ्या. बघाल तर एवढासा, करवंदापेक्षा बारीक, साल जाड, आत बिया. आपलं खायचं थॉमसन जीएमध्ये (वाढीचं संजीवक) बुडवून बुडवून फुगवलेलं असतं, बाजारात लांब मणी विकला जातो म्हणून. वाइनला फुगलेला मणी चालत नाही, कारण रंग आणि तुरटपणा सगळा सालीत. तो काळा मणी दोन बोटांत चिरडा आणि रस तळहातावर घ्या. रस पांढरा निघतो. काळ्या द्राक्षाचा रस पांढरा. आमच्याकडे आलेले पाहुणे इथेच गप्प होतात. मग चावून बघा, खायच्या द्राक्षापेक्षा गोड लागेल. आपण खातो ते साधारण १८ ब्रिक्सला (साखरेचं माप) तोडतात, वाइनचं २२-२४ पर्यंत वेलावर ठेवतात. पण दुसरा मणी मागणार नाहीत त्या, साल आणि बियाच तोंडात राहतात.

शिळोप्याची

काळ्या द्राक्षाचा रस पांढरा?? मग रेड वाइन लाल कशी होते?

तळघरातला

मी सांगतो. केमिस्ट आहे, नोकरीच्या सुरुवातीला एका वाइनरीच्या लॅबमध्ये हंगामाला होतो.

व्हाइटला द्राक्ष आलं की दाबून रस काढायचा, साल-चोथा बाजूला आणि नुसता रस थंड टाकीत आंबवायचा, साधारण १२ ते १६ डिग्रीला. रेडला रस, साल, बिया सगळं एकत्र टाकीत. यीस्ट साखर खातं, त्याचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड होतो आणि तो गॅस सगळ्या साली ढकलून वर आणतो. टाकीवर सालींचा जाड थर तरंगत बसतो. तो सुकू द्यायचा नाही म्हणून खालचा रस पंपाने वर काढून त्यावर सोडत राहायचा, दिवसातून दोन-तीनदा. त्यातनं रंग उतरतो आणि त्यातनंच टॅनिन. म्हणजे ताई, तुम्हाला पार्टीत जे तुरट लागलं ते टॅनिन. कोरा चहा जास्त उकळला की जीभ जशी आखडते, तिथेही टॅनिनच.

रोझे म्हणजे काळ्या द्राक्षाच्या साली थोडेच तास रसात ठेवून काढून घेतलेल्या. बरेच जण समजतात रेड आणि व्हाइट एकत्र ओतून करतात.

हंगामात गेलात तर पहाटे तोडलेल्या मालाचे क्रेट सकाळी उतरताना दिसतील. ऊन चढायच्या आत आणावं लागतं. देठ काढायच्या मशीनजवळ उभं राहिलं की एका बाजूला मणी पडतात, दुसऱ्या बाजूने हिरव्या देठांचे सांगाडे बाहेर येतात. चपला चिकटतात, चिलटं नाकात जातात आणि आंबूस गोड वास कपड्यांना घरापर्यंत येतो. मे महिन्यात जाल तर चकचकीत स्टीलच्या टाक्या बघून याल, ते कुठल्याही डेअरीत दिसतात. @तिरकस_पुणेकर, तुम्ही कधी गेला होतात?

तिरकस_पुणेकर

जुलैत. :)

तळघरातला

मग बरोबर आहे.

मडगांवकार

आमच्या गोंयांत वाढलेल्या माणसाला हे सगळं नवीनच. आमच्याकडे वाइन म्हटली की पोर्ट, गोड, लग्नात टोस्टला. अर्ध्या महाराष्ट्राने पहिली वाइन गोव्याला ट्रिपमध्ये घेतलेली असते, ती पोर्ट, आणि मग डोक्यात बसतं की रेड वाइन सिरपासारखी गोड असते. नाशिकला शिराझ तोंडात गेली की चेहरे बघा. पोर्तुगालच्या खऱ्या पोर्टमध्ये वाइन अर्धी आंबली की मध्येच द्राक्षाचं स्पिरिट घालतात, यीस्ट मरतं आणि साखर तशीच राहते, म्हणून गोड आणि कडकही. आमची स्वस्तातली तशी असतेच असं नाही म्हणा, पण माया आहे तिच्यावर.

तुमच्या नवऱ्याला बिअर आवडते तर त्याला आधी थंड चेनिन ब्लां (व्हाइट वाइन) द्या. रेडपासून सुरुवात करायला देऊ नका.

चकली

पुण्यातल्या काकांनी "गोड आहे ना? औषधाला पाहिजे" म्हणून पोर्ट आणायला सांगितली होती. औषध दोन दिवसांत संपलं.

शिस्तबद्ध

थोडं रुक्ष पण लागेल म्हणून.

२१ खालच्यांना टेस्टिंग नाही, ओळखपत्र जवळ ठेवा. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा (आता नाव महाराष्ट्र दारूबंदी कायदा) अजून आहे, कागदावर आपल्याला प्यायला परवाना लागतो, एक दिवसाचा ५ रुपयांचा. घरी बाटल्या नेणार असाल तर बिल फेकू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाडी चालवणाऱ्याने टेस्टिंग करू नये. आपल्याकडे मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिग्रॅ, पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. "नुसते घोट घोट तर घेतले" असं पोलिसाला सांगून उपयोग नाही. एकेक ओतणं ३० मिलीचं धरा, सहा घेतल्या की १८० मिली झाली, तीही १२-१४ टक्क्यांची.

लिव्हरमोरची_मावशी

म्हणून बादली असते हो! तुमच्याकडे ती वापरताना कोणाला बघितलं नाही मी. :)

मी कॅलिफोर्नियात, बे एरियात. आमच्या मराठी मंडळातले लोक पाहुणे आले की नापाच्या वाइनऱ्यांना नेतात, आम्ही लिव्हरमोरला नेतो, जवळ आहे, स्वस्त आहे आणि वेंटी आणि कॉनकॅनन दोन्ही १८८३ पासूनच्या. इथे काउंटरवर थुंकायची बादली ठेवलेलीच असते, जाणकार माणूस घोट तोंडात घोळवून तिच्यात टाकतो आणि उरलेला ग्लासही तिच्यात ओततो, कोणी वाईट मानत नाही. आपल्या लोकांना ते जमत नाही. माझे दीर आले होते, म्हणाले, वहिनी, पैसे भरलेत, थुंकायचं कशाला? सहा ग्लास गिळले आणि परतीच्या वाटेवर गाडीत घोरले.

नाशिक मी मागच्या भारतभेटीत पाहिलं. झिनफँडेल बघून गंमत वाटली, ते आमच्याकडचं लाडकं द्राक्ष. सुलाचे राजीव सामंत स्टॅनफर्डला शिकून परतले आणि सोनोमाच्या केरी डॅम्स्की यांना वाइनमेकर म्हणून धरलं, तेव्हा कॅलिफोर्नियाची छाप असणारच. टेस्टिंग रूमही आमच्या इथल्यासारखीच, लांब काउंटर, मागे बाटल्या, बाहेर बाल्कनी. फरक एकच, इथे ओतणारा माणूस बरेचदा स्वतः वाइनरीत काम केलेला असतो, त्याला खोदून विचारलं की खुलतो. तिथे पोरं हुशार वाटली पण पाठांतर जास्त. "स्मेल द ग्वावा, मॅम."

चकली

पेरू आला का पण वास?

लिव्हरमोरची_मावशी

आला की. सोव्हिन्यो ब्लां या व्हाइटला येतोच. त्याने सांगितल्यावर आला हेही खरं.

तिरकस_पुणेकर

हेच! सांगितल्यावर येतो. तो "लेदर" म्हणाला असता तर चपलेचा आला असता.

तळघरातला

अर्धं बरोबर. सांगण्याचा परिणाम होतो, म्हणून तर नीट चाचणी करायची तर बाटली झाकून करतात. १९७६ ला पॅरिसमध्ये तशीच झाकून चव घेतली तेव्हा फ्रेंच परीक्षकांनी कॅलिफोर्नियाच्या वाइनला पहिला नंबर दिला, बाटल्या उघड्या असत्या तर दिला असता का?

पण वास काल्पनिक नसतात. सोव्हिन्यो ब्लांमध्ये ढोबळी मिरचीसारखा हिरवा वास येतो, आणि ढोबळी मिरचीत जे रसायन असतं त्याच जातीचं त्या द्राक्षात असतं. ओकच्या पिंपात ठेवलेल्या रेडला व्हॅनिलाचा वास, कारण भाजलेल्या लाकडातून व्हॅनिलिन उतरतं. उलट बहुतेक वाइनला द्राक्षाचा वास येत नाही, मस्कतसारख्या एक-दोन जाती सोडल्या तर. सासूबाईंना हे करायला लावा. त्यांना प्यायचं नाही ना, मग नुसता वास घेऊ द्या. आयुष्यभर फोडणीवर उभं राहिलेलं नाक आहे ते, गाईडच्या आधी सांगतील.

आणि ग्लास दांडीला धरा, वाटीला नको, हाताने गरम होते. आधी पांढऱ्या कागदावर तिरका धरून रंग बघा, मग फिरवा, मग नाक घाला. ग्लासवर ओघळ उतरतात ते बघून लोक "वा, भारी वाइन" म्हणतात, त्याचा दर्जाशी संबंध नाही, अल्कोहोल आणि पाण्याचा खेळ आहे तो.

तत्त्वनिष्ठ

धागा वाचून खेद वाटला. त्र्यंबकेश्वर आणि वाइनरी एकाच सहलीत? दारूला "संस्कृती", "टेस्टिंग", "टूर" अशी गोंडस नावं दिली की ती दारू राहत नाही का? ज्या घरात दारूने संसार मोडलाय तिथे जाऊन हे पेरूचे वास सांगा. २०२२ ला किराणा-सुपरमार्केटात वाइन ठेवायचा निर्णय झाला होता तेव्हा लोकांनी विरोध केला म्हणून थांबलं, नाहीतर आज डाळ-तांदळाशेजारी दिसली असती.

चकली

डाळ-तांदळाशेजारी सध्या प्रोटीन बार असतात, ते जास्त घातक आहेत.

गोधडी

तत्त्वनिष्ठ, तुमचा मुद्दा मला पटतो आणि चकलीचा विनोद नाही पटला. माझ्या माहेरी हे जवळून पाहिलंय म्हणून मी पीत नाही. पण मी नाशिकला वाइनरीत गेलेय, नवऱ्याच्या ऑफिसची पिकनिक होती. द्राक्षाचा रस मिळाला, बाग पाहिली, पिंपांच्या तळघरात थंडगार वाटलं, कोणी आग्रह केला नाही. त्रास झाला तो आमच्याच ऑफिसवाल्यांचा, बाहेर लॉनवर तिसऱ्या बाटलीनंतर जे आवाज चालले होते ते. टेस्टिंग वेगळं आणि लॉनवर बसून ढोसणं वेगळं, आणि बहुतेक लोक दुसऱ्यासाठीच जातात हे मान्य करू या की.

शिळोप्याची, पिंपांच्या खोलीत शाल न्या सासूबाईंसाठी. आणि पायऱ्या असतात, गुडघे दुखत असतील तर आधी विचारून घ्या.

बागायतदार_मोहाडी

तत्त्वनिष्ठ साहेब, तुमच्या मताचा आदर आहे. माझे वडील माळकरी, त्यांनी वाइनची द्राक्षं लावायला नाहीच म्हटलं होतं, भाऊ हट्टाने लावून बसला. आता शेतकऱ्याचा मुद्दा ऐका, कारण "वाइनने शेतकऱ्याचं भलं" असं जे पुढारी बोलतात तेही पूर्ण खरं नाही.

२००१ ला राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, वाइनला उत्पादन शुल्कात सूट दिली, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क काढले. मग जो उठला त्याने वाइनरी टाकली. शेतकऱ्यांनी कराराने कॅबरने, शिराझ, चेनिन लावलं. २००८-०९ ला मंदी आली, त्यात मुंबईचा हल्ला, हॉटेलं ओस पडली, वाइनऱ्यांकडे माल पडून, आणि कराराचे कागद कागदच राहिले. हे द्राक्ष बाजारात न्यायचं म्हटलं तर खाणार कोण? बियांचं आणि बारीक. बेदाणाही धड होत नाही. कित्येकांनी बागा कुऱ्हाडीने तोडल्या, आमच्या भावाने पण. थॉमसनला भाव पडला तर बेदाणा करता येतो, लोकल बाजाराला देता येतं, वाइनच्या द्राक्षाला एकच गिऱ्हाईक असतं, तो नाही म्हणाला की संपलं.

आज ज्यांचा मोठ्या वाइनरीशी करार टिकला त्यांचं बरं चाललंय, फवारणी कमी लागते, मणी फुगवायचा खर्च नाही, व्यापारी पळून जायची भीती नाही. निर्यातीचा थॉमसनवाला अवकाळी पावसाने एका रात्रीत झोपतो. दोन्हीकडे जुगारच आहे, एकात पत्ते दुसऱ्याच्या हातात.

टेस्टिंग रूममध्ये गेलात तर हा एक प्रश्न विचारा, ही द्राक्षं कुठल्या गावची? ज्याला सांगता येतं तो माणूस चांगला.

पंचवटी_पासवाला

बागायतदार भाऊंना +१. आणि टेस्टिंग रूमला दुकान म्हणून हिणवणाऱ्यांनी हेही बघा की तिथे विकलेल्या बाटलीवर वाइनरीला वितरक आणि दुकानदाराचा वाटा द्यावा लागत नाही. छोट्या वाइनऱ्या त्याच्यावरच तग धरून आहेत. दुसऱ्या राज्यात बाटली न्यायची तर प्रत्येक राज्यात लेबलची नोंदणी आणि फी वेगळी, छोट्याला ते परवडतच नाही. त्यामुळे काही बाटल्या खरोखर त्या काउंटरशिवाय कुठे मिळत नाहीत.

नंदीहिल्स

बेंगळुरूहून. आमच्याकडे ग्रोव्हर नंदी हिल्सच्या पायथ्याशी आहे, टूर चांगली असते पण महाराष्ट्राची वाइन इथे कर लागून महाग होते, त्यामुळे नाशिकला आलो की डिकी भरायचा मोह होतो. राज्याच्या सीमेवर काय नियम आहे ते बघूनच आणा रे बाबांनो.

जुन्नरी

सगळे नाशिक नाशिक करताय. आमच्या नारायणगावात शामराव चौगुल्यांची इंडेज वाइनरी १९८० च्या दशकात होती, 'ओमर खय्याम' नावाची स्पार्कलिंग परदेशात जायची. सुलाच्या कितीतरी आधी. पुढे कर्जात बुडाली. पुणे-नाशिक रोडला पाटी दिसली की लहानपणी वडील काच वर करायचे, आम्ही वास घेऊ नये म्हणून. :)

सोलापुरी_चादर

आणि अकलूज! फ्रातेली वाइनरी. इटलीचे सेच्ची बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील. ऊस, केळी आणि मध्येच सॅन्जिओवेसे हे इटलीचं द्राक्ष. मोटेवाडीला वाइनरी आहे, राहायचीही सोय आहे. सोलापूर जिल्ह्यात वाइन होते म्हटलं तर माझ्या मुंबईच्या मित्रांना खोटं वाटतं. पंढरपूर जवळच, सासूबाईंना पुढच्या खेपेला तिकडे न्या, दर्शनही होईल.

तत्त्वनिष्ठ

पंढरपूर तरी सोडा हो.

चकली

कोणी मिसळीचं नाव घेतलं नाही अजून? नाशिकचा धागा आहे का हा?

पंचवटी_पासवाला

घेणारच होतो. सकाळी रिकाम्या पोटी टेस्टिंग करू नका, आधी साधनाची चुलीवरची मिसळ, वर पापड-दही. गंगापूर रोडच्या बाजूलाच आहे.

तिरकस_पुणेकर

काळ्या मसाल्याच्या त्या रश्श्याला मिसळ म्हणतात हे ऐकून होतो.

कोल्हापुरी_कट

पुणेकरांनी मिसळीवर बोलू नये. पोहे घालून खाणारे लोक.

तळघरातला

पण मिसळ खाऊन लगेच टेस्टिंग करू नका, हे गंभीरपणे सांगतोय. तिखटाने जीभ भाजलेली असली की रेड अजून कडू आणि जळजळीत लागते, वाइनमेकरच्या मेहनतीवर पाणी. इडली, पोहे काहीतरी साधं खा. मिसळ परत येताना. आणि भडक सेंट लावून जाऊ नका, शेजारच्याच्याही ग्लासात त्याचाच वास येतो.

संपादक_मंडळ

मिसळीवर स्वतंत्र धागा आहे, तिथे भांडावे. इथले यापुढचे मिसळविषयक प्रतिसाद उडवले जातील.

शिळोप्याची

बापरे, एवढे प्रतिसाद! सगळे वाचले, सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवले. शेतकरी दादांचा प्रतिसाद त्यांनी दोनदा वाचायला लावला, त्यांच्या माहेरी डाळिंब होतं, तेल्याने गेलं, त्यामुळे छाटणीबिटणीचं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळलं. आता प्रश्नांची यादी करतायत.

बुधवारी सकाळची टूर बघतेय. मिसळ परतीला (हे उडवू नका). कॅब करणार, नवऱ्याने कबूल केलंय. तत्त्वनिष्ठ, त्र्यंबकेश्वर आदल्या दिवशी आहे, तुमच्यासाठी म्हणून नाही, तसंच ठरलं होतं. :) एक राहिलं, आवडली तर कुठली घ्यावी? रेडची भीती गेलेली नाही अजून.

मडगांवकार

लेट हार्वेस्ट चेनिन मिळाली तर घ्या. द्राक्षं वेलावर जास्त दिवस ठेवून केलेली, गोड असते, छोट्या बाटलीत येते. जेवणानंतर थंड करून. पोर्टवाल्या माणसाची शिफारस.

तळघरातला

टेस्टिंगला जी आवडेल तीच, दुसऱ्या कोणाचं ऐकू नका, माझंही नाही. साधी व्हाइट घेतली तर वर्षभरात संपवा, जपून ठेवल्याने चांगली होत जाते हे मोजक्या रेडना लागू. फ्रीजच्या वर ठेवू नका, तिथे गरम असतं. उघडल्यावर झाकण लावून फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस. स्क्रू कॅपची आहे म्हणून स्वस्त समजू नका, आपल्या उन्हाळ्यात उलट बरी.

रेडची भीती जायची असेल तर चीजच्या तुकड्याबरोबर घोट घ्या. नुसती घेतलेली आणि चीजबरोबरची यातला फरक काउंटरवरच कळेल.

गोधडी

आणि सिंहस्थाची कामं चालू आहेत, शहरात रस्ते उकरलेले असतील, वेळ हाताशी ठेवून निघा. समृद्धीने इगतपुरीपर्यंत छान येता, खरी गंमत पुढे आहे.

नवाआलेला

नमस्कार, सुलाफेस्ट (सुलाचा गाण्यांचा महोत्सव) कधी असतो आणि पार्किंग मिळतं का?

चकली

वरचे प्रतिसाद वाचले का?

नवाआलेला

नाही, लांब आहेत.

पंचवटी_पासवाला

२००८ पासूनचा आहे, २०२० नंतर बंद पडला होता, २०२५ च्या फेब्रुवारीत परत झाला. पुढची तारीख त्यांच्या साइटवर बघा. पार्किंगपेक्षा राहायचं आधी बघा, त्या दोन दिवसांत नाशिकची हॉटेलं मागाल तो भाव घेतात. आणि टेस्टिंग शिकायला येत असाल तर त्या गर्दीत येऊ नका, गाणी ऐकायला खुशाल या.